‘मोडणें’ आणि मोडी

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं जयसिंगपुरांतील एक वृद्ध गृहस्थ मजकडे आले. त्यांच्या हातांत तांबड्या रुमालांत बांधलेलें एक जुनें दप्तर होतें. राहतें घर पाडून नवें बांधावयाचें काढलें, तेव्हां माळ्यावर तें सांपडलें. शिरोळ तालुक्यांतील आपल्या मूळ गांवच्या जमिनीविषयीं त्यांत कांहीं तरी असावें, असा त्यांचा तर्क होता. रुमाल सोडला, पहिला कागद उलगडला, आणि आम्ही दोघेहि त्याकडे नुसते पाहत राहिलों. कागद धड होता, शाई काळीभोर होती, एकहि ओळ पुसलेली नव्हती. तरी त्यांतील एक अक्षर त्या गृहस्थांस लागेना. आणि इतिहासाचा प्राध्यापक म्हणविणारा मी, मलाहि चार ओळींपलीकडे जातां येईना. त्यांच्याबरोबर त्यांची नात आली होती. ती सातव्या इयत्तेंत आहे. तिनें वांकून कागद पाहिला आणि विचारलें, “आजोबा, हीं अक्षरें अशीं मोडलेलीं कां?”

मोडलेली म्हणून मोडी, हा अर्थ त्या मुलीनें कोणीं न शिकवितां लावला. आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत अशीच असते, आणि मोठमोठ्या पंडितांनींहि त्या नांवाची फोड जवळ जवळ अशीच केली आहे. परंतु ‘मोडणें’ या क्रियापदाचा अर्थ इतका सरळ आहे काय? आपण तें दिवसांतून दहा वेळां उच्चारतों, आणि दहाहि वेळां निरनिराळ्या अर्थानें. ती मंडळी गेल्यावर मी त्या शब्दाचा विचार करूं लागलों, आणि विचार करतां करतां शब्दावरून लिपीवर, लिपीवरून आमच्या या संस्थानाच्या इतिहासावर, आणि शेवटीं माझ्या स्वतःच्या एका चुकीवर येऊन थांबलों. तोच प्रवास वाचकांस येथें सांगावयाचा आहे.

काठी मोडते, खुर्ची मोडते, पाय मोडतो, भरल्या गाडीचा आंस मोडतो. येथें अर्थाविषयीं शंका नाहीं. वस्तु अखंड होती, तिचे तुकडे झाले किंवा तिचें काम थांबलें. त्याच्याच शेजारीं दुसरी एक ओळ आहे: दिलेला शब्द मोडतो, करार मोडतो, जमलेलें लग्न मोडतें, लागलेली झोप मोडते. येथें हाताला लागेल असा तुकडा पडत नाहीं. चालू असलेलें कांहीं तरी मध्येंच तुटतें. बाजार मोडला म्हणजे बाजाराचा नाश झाला असें मात्र कोणी समजत नाहीं. माणसें पांगलीं, गाड्या जुंपल्या, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हा त्याच जागीं बाजार भरावयाचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. तापाची कणकण आली कीं अंग मोडून येतें, आणि सुगीच्या दिवसांत शेतकरी अंग मोडून काम करतो. शब्द तेच, पण पहिल्या ठिकाणीं देह माणसाच्या ताब्यांतून सुटलेला असतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यानें तो पुरता कामास जुंपलेला असतो.

याहूनहि मौज अशी, कीं हें क्रियापद कधीं कधीं एकाच हावभावाला दोन विरुद्ध अर्थ देतें. एखाद्याच्या नांवानें बोटें मोडणें म्हणजे त्याचा तळतळाट करणें. पण परगांवाहून आलेल्या नातवाच्या तोंडावरून हात उतरवून आजी आपल्या कानशिलांवर जीं बोटें कडाकडा मोडते, तीं त्याची दृष्ट निघावी म्हणून. बोटें तींच, आवाज तोच. एक शाप आहे, आणि दुसरी माया.

आणि घडी मोडणें? नवें लुगडें प्रथम अंगाला लावणें याला आपल्या घरांतून घडी मोडणें म्हणतात. थोरल्या जावेनें आपलें नवें लुगडें धाकटीपुढें करून “तूंच घडी मोड” म्हणावें, यांत केवढा जिव्हाळा असतो, हें वाचकांस सांगावयास नको. येथें मोडणें म्हणजे वापरांत आणणें. घडी मोडली नाहीं तर वस्त्र पेटींत जसेंच्या तसें राहील खरें. पण तें वस्त्र म्हणून कोणाच्या उपयोगी पडणार नाहीं.

आतां व्यवहारांतला अर्थ पाहूं. शंभर रुपयांची नोट मोडून आणली तर नोट गेली. शंभर रुपये गेले नाहींत. त्यांची मोड, म्हणजे सुटे पैसे, आपल्या खिशांत आले. दागिना मोडणें हा याचाच मोठा भाऊ. आमच्या जिल्ह्यांत हुपरी हें चांदीच्या कामासाठीं नांवाजलेलें गांव आहे, आणि कोल्हापुरी साज तर महाराष्ट्रभर ठाऊक आहे. सोन्याचांदीच्या या मुलुखांत दागिना घडविणें आणि दागिना मोडणें हे दोन्ही व्यवहार एकाच दुकानांत, बहुधा एकाच तराजूवर होतात. मी महाविद्यालयांत गेलों त्या वर्षीं माझ्या आजीनें आपल्या पाटल्या मोडल्या. सोनाराच्या दुकानांत मी तिच्याबरोबर होतों. त्यानें पाटल्या कसोटीवर घासून पाहिल्या, मग तराजूंत घातल्या, आणि आटणींत घट किती धरावयाची यावर त्या दोघांत बराच वेळ बोलणें झालें. पाटल्यांवरची नक्षी, ती करणाऱ्याची मजुरी, आजीच्या लग्नांतली आठवण, यांपैकीं कशालाहि त्या तराजूंत वजन नव्हतें. त्याविषयीं आजीनें अवाक्षर काढलें नाहीं. वजन मात्र तिनें तीनदां पाहिलें.

त्या दुकानांत जें मोडणें झालें, त्यांत या क्रियापदाचा मला सर्वांत खोल वाटणारा अर्थ आहे. मोडणें म्हणजे नासणें नव्हे, जाळणें नव्हे, टाकून देणें नव्हे. एका वस्तूचा आकार जावयाचा, आणि तिच्यांतलें द्रव्य दुसऱ्या आकारास मोकळें व्हावयाचें. पाटल्या गेल्या आणि त्यांची पदवी झाली. म्हणून जेथें जेथें कांहीं मोडलें जातें, तेथें तेथें विचारावयाचा प्रश्न ‘कां मोडलें?’ एवढाच नसतो. ‘घट किती आली?’ हा प्रश्नहि त्याच्याबरोबरच विचारला पाहिजे. आपल्या भाषेनें तर इतिहासाच्या साऱ्या हालचालीस ‘घडामोड’ हें एकच नांव दिलें आहे. घडणें आणि मोडणें या दोन विरुद्ध क्रियांचा तिनें एक शब्द करून टाकला, आणि तो आपणांस इतका अंगवळणी पडला आहे, कीं त्याच्या आंत एक मोडणें आहे, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

आतां लिपीकडे वळूं. ‘मोडेन पण वांकणार नाहीं’ ही म्हण आपण अभिमानानें उच्चारतों. तींत मोडणें आणि वांकणें यांस परस्परांचे वैरी करून उभें केलें आहे. पण या क्रियापदाचें कूळ पाहिलें तर हें वैर फार जुनें दिसत नाहीं. संस्कृतांत ‘मुट्’ हा धातु चुरडणें, मोडणें या अर्थाचा आहे. प्राकृतांत ‘मोडइ’ असें रूप आढळतें. त्याच घराण्यांतला हिंदी ‘मोड़ना’ हा शब्द मात्र तोडण्याचा अर्थ सांगत नाहीं. हिंदींत रस्ता ‘मुड़ता’ म्हणजे वळतो, आणि कागद ‘मोड़ला’ म्हणजे दुमडला जातो. मराठींत वळणें, वांकणें, मुरडणें, दुमडणें अशीं क्रियापदें हाताशीं असल्यामुळें मोडण्याकडे मुख्यतः भंगाचें काम आलें असावें. पण वळविण्याची जुनी छटा लिपीच्या नांवांत शिल्लक राहिली, असें मला वाटतें. मोडी म्हणजे मोडलेली लिपि नव्हे, तर मोडून, म्हणजे वळवून, लिहिलेली लिपि. आणि गंमत पाहा: हस्ताक्षर चांगलें असेल तर आपण आजहि ‘अक्षराला वळण आहे’ असेंच म्हणतों.

हा अर्थ लिपीच्या घडणीवरूनहि पटण्यासारखा आहे. जयसिंगपुराहून कृष्णाकांठचें खिद्रापूर फार दूर नाहीं. तेथील कोपेश्वराच्या देवळांत देवगिरीचा यादव राजा दुसरा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा नागरी लिपींतील शिलालेख आहे. दगडावर अक्षर कोरणाऱ्यास घाई करून चालत नाहीं. त्याला प्रत्येक रेघेला टांकी उचलावी लागते, पुन्हा टेंकवावी लागते; म्हणून त्याचें अक्षर सुटें, उभें आणि ठाम असतें. पण त्याच यादवांच्या कचेरींत जो कारकून दिवसभर हिशेब आणि आज्ञापत्रें लिहीत असेल, त्याला हा थाट परवडणारा नव्हता. त्याला लेखणी न उचलतां लिहिणें भाग होतें. परंपरा असें सांगते, कीं महादेव (१२६१ ते १२७१) आणि रामचंद्र (१२७१ ते १३११) या यादव राजांचा प्रधान हेमाद्रि, म्हणजे आपला हेमाडपंत, यानें ही लिपि प्रचारांत आणली. कोणी तर ती त्यानें लंकेहून आणली असेंहि सांगतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें मत असें होतें, कीं मुसलमानांची ‘शिकस्ता’ नांवाची जलद लिहिण्याची पद्धत पाहून ही लिपि निघाली, आणि शिकस्ता म्हणजे मोडलेलें, म्हणून ‘मोडी’ हें त्या नांवाचें भाषांतर होय. म्हणजे आमच्या सातवींतल्या मुलीचा तर्क राजवाड्यांच्या पंक्तीस बसणारा आहे! तथापि मोडीचीं बहुतेक अक्षरें नागरींतूनच निघालेलीं आहेत, हें तीं शेजारीं शेजारीं मांडून पाहणाऱ्यास स्पष्ट दिसतें. नागरीचे कोपरे गोल झाले, सुट्या रेघा एकमेकींस जोडल्या गेल्या, आणि कारकुनाचा हात मोकळा झाला.

ही लिपि लिहिण्याची रीतहि पाहण्याजोगी होती. आधीं कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग शिरोरेषा ओढावयाची, आणि मग तिच्याखालीं बोरूनें अक्षरांमागून अक्षरें, होतां होईतों हात न उचलतां, उतरवीत जावयाचीं. शब्दांशब्दांत जागा सोडावयाची नाहीं. वेलांटी एकच, उकार एकच. ऱ्हस्वदीर्घाची पंचाईत नाहीं. विरामचिन्हें नाहींत. शुद्धलेखनाच्या तासाला रडणाऱ्या विद्यार्थ्यांस हें वर्णन ऐकून मोडीविषयीं एकदम प्रेम वाटूं लागतें, असा माझा अनुभव आहे. पण लिहिणाराचें जें सुख तेंच वाचणाराचें दुःख. शब्द कोठें संपला हें संदर्भावरून ताडावें लागतें, आणि एका अक्षराचें दुसरें होण्यास फार वेळ लागत नाहीं. १७७३ च्या ऑगस्टांत शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यासंबंधीं जी कथा घरोघर सांगतात, तींत राघोबादादांच्या पत्रांतील ‘धरावें’ या शब्दाच्या ‘ध’ चा ‘मा’ करून आनंदीबाईनें ‘मारावें’ केलें, असें आहे. ही कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो. ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत कायमचा राहिला. एका अक्षराचा आकार पालटला तर एका माणसाचें आयुष्य पालटूं शकतें, ही धास्ती त्या लिपीबरोबर वावरणाऱ्या समाजाच्या मनांत खोल बसलेली होती.

असो. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या लेखनाची कीर्ति एवढी झाली, कीं त्यांच्या घराण्याच्या अक्षरास चिटणीसी वळण असें स्वतंत्र नांव मिळालें. पुढें पेशवाईंत मराठ्यांचें राज्य जेथें जेथें गेलें तेथें तेथें मोडी गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरांत तिचे कोट्यवधि कागद आहेत. दक्षिणेंत तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद तामिळ देशांत आजहि जपून ठेवलेले आहेत. राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून अशा दप्तरांतूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ मिळविलीं आणि १८९८ पासून तीं प्रसिद्ध केलीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० च्या सुमारास पेशवे दप्तरांतून निवडक कागदांचे ४५ भाग छापले. तरी छापलेलें तें ओंजळभर, आणि न छापलेलें तें नदीभर.

मग एवढी नांदती लिपि गेली कशी? तिला कोणी शत्रूनें जिंकलें नाहीं. तिला प्रथम छापखान्यानें मागें टाकलें. विल्यम कॅरे यानें श्रीरामपूरच्या छापखान्यांत मोडीचे खिळे पाडून १८१० सालीं आपला मराठी कोश छापला, ही गोष्ट खरी. पण एकमेकांत गुंतलेलीं अक्षरें सुट्या खिळ्यांनीं जुळविणें हा मोडीच्या स्वभावालाच विरोध होता. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें, तेव्हां त्यांतील मराठी मजकूर बालबोधींतच छापलेला होता. त्यानंतर छापलेलें तें बालबोध आणि हातानें लिहिलेलें तें मोडी, अशी वांटणी शंभर वर्षें चालली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मुलें मोडी गिरवीत होतीं. नंतर टंकलेखनयंत्रें आलीं, कचेऱ्यांतून बालबोध रूढ झाली, शाळांनीं मोडी सोडली, आणि एका पिढीच्या आंत ती अनोळखी झाली.

मोडी गेली हें सर्वस्वीं वाईट झालें, असें मला म्हणावयाचें नाहीं. बालबोध या नांवांतच तिचा गुण आहे: ती बाळालाहि बोध करून देते. मोडी ही पुष्कळ अंशीं कुळकर्ण्यांची, देशपांड्यांची, सावकाराच्या कारकुनाची विद्या होती. ज्याच्या जमिनीवर कर्ज चढे, त्यालाच तो कागद वाचतां येत नसे. खालीं निशाणी मात्र तो करी. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि पुढच्याच वर्षीं, १९१८ सालीं, कुळकर्णी वतनें बंद करून त्यांच्या जागीं पगारी तलाठी नेमले. मुंबई इलाख्यांत हींच वतनें जावयास १९५० चा कायदा यावा लागला. महाराजांच्या निर्णयावर त्या वेळीं केवढा गदारोळ झाला, हें कोल्हापूरकरांस ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची वतनें त्यांनीं मोडलीं. पण तीं मोडतांना गांवच्या जमिनीचा हिशेब ठेवण्याचें काम त्यांनीं वाऱ्यावर सोडलें नाहीं. तें दुसऱ्या हातांत दिलें. आकार गेला, वजन राहिलें.

ज्या राजानें हीं वतनें मोडलीं, त्यानेंच आमचें हें गांव घडविलें. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नांवानें त्यांनीं जयसिंगपूर वसविलें. आमच्या आसपासचीं गांवें नदीच्या वळणाप्रमाणें, पायवाटेप्रमाणें, भाऊबंदकीच्या भिंतींप्रमाणें वाढत गेलेलीं आहेत. जयसिंगपूर तसें नव्हे. तें आंखून वसविलें आहे: सरळ रस्ते, काटकोनांत छेदणारे, आणि नांवांऐवजीं क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. मला नेहमीं वाटतें, कीं जुनीं गांवें हीं मोडी लिपींतलीं आहेत, एकांत एक गुंतलेलीं, ओळखीच्या माणसालाच वाचतां येणारीं. आणि आमचें जयसिंगपूर हें बालबोधींत लिहिलेलें आहे, परक्यालाहि पहिल्या दिवशीं वाचतां येईल असें. दोहोंची गोडी वेगळी. मी स्वतः बालबोध गांवांत राहतों, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाहीं.

‘मोडणें’ या क्रियापदाला पुढच्या काळांत आणखी एक मानाचा अर्थ मिळाला. १९३० सालीं महात्मा गांधींनीं दांडीस मीठ उचललें, आणि जेथें समुद्र नव्हता तेथें लोकांनीं जंगलचा कायदा मोडला. जवळच्या बिळाशीचा जंगल सत्याग्रह त्याच वर्षींचा. तोंवर कायदा मोडणें हें चोराचें काम समजलें जाई; आतां तें सज्जनाचें व्रत झालें. पण त्यालाहि ‘सविनय’ हें विशेषण लावावें लागलें, हें विसरतां कामा नये. कायदा मोडावयाचा, परंतु कायद्याविषयींचा आदर मोडावयाचा नाहीं. ही घट होऊं नये म्हणूनच तें विशेषण होतें. पुढें १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. जुनीं माणसें याला ‘संस्थान मोडलें’ असेंच म्हणत. तें मोडलें, पण त्याचीं दप्तरें कोल्हापूरच्या पुरालेखागारांत राहिलीं, आणि प्रजा नागरिक झाली.

या सर्व मोडण्यांशीं ताडून पाहिलें म्हणजे मोडी मोडतांना आपल्या हातून काय राहिलें, तें कळतें. लिपि बदलण्यांत पाप नव्हतें. पण सोनाराच्या दुकानांत माझ्या आजीनें जें तीनदां पाहिलें, तें आपण एकदांहि पाहिलें नाहीं. शेंकडों वर्षांचीं खरेदीपत्रें, वांटण्या, निवाडे, कर्जरोखे, पाण्याच्या पाळ्या, जन्ममृत्यूच्या नोंदी, हें सारें द्रव्य एका आकारांत होतें. तो आकार आपण बंद केला, आणि द्रव्य दुसऱ्या आकारांत उतरवून घ्यावयाचें राहून गेलें. निदान प्रत्येक तालुक्यांत चार वाचणारे राहतील, एवढी तजवीज तरी करावयास हवी होती. कागद शाबूत राहिले, शाई शाबूत राहिली, आणि तरीहि तें सर्व आपल्या लेखीं गेल्यासारखें झालें. घट कागदांत आली नाहीं. ती आपल्यांत आली.

याचा प्रत्यय सर्व महाराष्ट्रास २०२३ सालीं आला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नांत जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून एकाएकीं मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या वादाची बाजू घेण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या विद्येला आपण मोडींत काढली होती, तिच्या दोन ओळींवर एखाद्या घरांतील मुलाचा पुढचा मार्ग अवलंबून राहावा, आणि त्या ओळी वाचणारें माणूस शोधीत हिंडावें लागावें, हें दृश्य इतिहासाच्या शिक्षकास विसरतां येणार नाहीं. समाधानाच्या गोष्टीहि आहेत. संगणकाच्या ‘युनिकोड’ या सर्वमान्य अक्षरसंहितेंत २०१४ सालीं मोडीला स्थान मिळालें. ठिकठिकाणीं मोडीचे वर्ग निघाले आहेत, आणि त्यांत नोकरीपेशाचीं माणसें, गृहिणी, विद्यार्थी हौसेनें बसतात. घडी मोडण्याचा जो सुंदर अर्थ वर सांगितला, तो येथें लागूं पडतो. दप्तरें नुसतीं जपून भागत नाहीं. त्यांची घडी मोडली पाहिजे.

आतां माझी स्वतःची गोष्ट. आमच्या घरींहि असें एक दप्तर होतें. माझे पणजोबा कोठें तरी कारकून होते, आणि त्यांचे कागद आजोबांनीं व पुढें आजीनें जपले होते. आजी गेल्यावर आम्ही घर बदललें. सामान आवरतांना तें दप्तर माझ्या हातीं आलें. मी तेव्हां इतिहास विषय घेऊन एम. ए. झालेलों होतों. इंग्रजी ग्रंथांतून मराठ्यांचा इतिहास मीं पुष्कळ वाचला होता. पण त्या दप्तरांतील एक ओळ मला वाचतां येत नव्हती, आणि जें आपणांस वाचतां येत नाहीं त्याला किंमत नसते, असें मानण्याचा उर्मटपणा त्या वयांत माझ्या अंगीं होता. जुन्या वर्तमानपत्रांबरोबर तें दप्तर मीं रद्दीवाल्यास देऊन टाकलें. त्यानें तें कांट्यावर टाकलें. वजन किती भरलें तेंहि मीं पाहिलें नाहीं. पाटल्या मोडून मिळालेली पदवी माझ्यापाशीं होती, आणि तिच्या जोरावर मीं हें केलें. आज कोणी मला विचारील, कीं तुझ्या पणजोबांचें अक्षर कसें होतें, तर मला सांगतां यावयाचें नाहीं.

म्हणून त्या वृद्ध गृहस्थांस मीं एवढेंच विनविलें, कीं कांहीं झालें तरी दप्तर टाकूं नका. कोल्हापुरास एक मोडीचे जाणकार आहेत. त्यांच्याकडे आम्ही तें घेऊन गेलों. त्यांनीं चष्मा सांवरला, कागद दिव्याजवळ धरला, आणि वर्तमानपत्र वाचावें तसे ते घडघडां वाचूं लागले. जमिनीचा म्हणून आणलेला तो कागद जमिनीचा निघालाच नाहीं. चार भावांनीं एका विहिरीचें पाणी कसें वांटून घ्यावयाचें, कोणाची पाळी कोणत्या दिवशीं, आणि मोटेची दुरुस्ती कोणीं करावयाची, याचा तो ठराव होता. शेवटीं, हा ठराव चौघांच्या वंशांत कोणीं मोडूं नये, असें होतें. ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्याच विहिरीवरून चुलत भावाशीं त्यांचें गेलीं दहा वर्षें बोलणें बंद होतें. त्या कागदानें त्यांचा तंटा मिटेल कीं नाहीं, हें मी सांगूं शकत नाहीं; विहिरीवर आतां मोट नाहीं, विजेचा पंप आहे, आणि माणसांचीं मनें जुन्या ठरावांनीं बांधलीं जातातच असें नाहीं. पण परततांना त्यांनीं मला त्या कागदाची नक्कल बालबोधींत करून मागितली, आणि एक नव्हे, दोन प्रती मागितल्या.

त्यांची नात आतां मोडीच्या वर्गास जाते. मीहि जातों. ती माझ्या पुढच्या बांकावर बसते आणि शिरोरेषा माझ्यापेक्षां सरळ ओढते. मी अद्याप वेलांटीपाशीं अडतों.